खोकला थांबल्यावर

परवा रविवारी सकाळी सूनबाई माझा गोळ्यांचा डबा भरायला बसली. सात खणांचा, प्रत्येक खणावर वाराचं नाव असलेला तो प्लॅस्टिकचा डबा तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असेल. तिनं झाकणं उघडली, तर बुधवार आणि शुक्रवारच्या खणांत रक्तदाबाच्या गोळ्या तशाच. ती काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं. मी छत्तीस वर्षं मुलांच्या गृहपाठाच्या वह्या तपासल्या आहेत, त्यामुळे ते पाहणं माझ्या चांगलंच ओळखीचं. "अगं, मंगळवारी मशीनवर एकशेवीस-ऐंशी आलं होतं, म्हटलं..." असं काहीतरी मी पुटपुटले.

"आई, गोळी घेताय म्हणून एकशेवीस आलंय," ती म्हणाली आणि उरलेले खण भरू लागली.

'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण मी वर्गात कितीदा तरी शिकवली असेल. अर्थ सांगायचा, कृतघ्नपणा. पण त्या दिवशी वाटलं, या म्हणीत माणसाच्या स्वभावाची एक साधी नोंदही आहे. दुखणं थांबलं की औषध सुटतं. ताप-खोकल्याला हे चालून जातं. जे आजार महिनोन् महिने किंवा जन्मभर चालतात, त्यांची गोष्ट वेगळी. तिथे दुखणं थांबतं, पण गरज सरलेली नसते. रक्तदाब, मधुमेह, फेफरं, क्षय, सगळ्यांची हीच तऱ्हा.

ही तक्रार नवी नाही. हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांतसुद्धा वैद्याला बजावलेलं आहे, की रोगी औषध घेतल्याचं खोटं सांगतात, लक्ष ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेनं २००३ साली या विषयावर मोठा अहवाल काढला. त्यात म्हटलं होतं, की श्रीमंत देशांतही दीर्घ आजाराचे साधारण निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषध घेतात. म्हणजे बुधवार-शुक्रवार चुकवणारी मी एकटी नाही. पण मला आज लिहायचं आहे ते क्षयाविषयी. एक तर आपल्या देशात हा प्रश्न पद्धतशीरपणे विचारला गेला तो याच रोगाच्या निमित्तानं. आणि दुसरं कारण घरातलं आहे.

आई गेल्यावर तिची पत्र्याची पेटी मी उघडली, तेव्हा तळाशी अण्णांचं दवाखान्याचं कार्ड सापडलं. अण्णा म्हणजे माझे वडील. मुंबईला गिरणीत साच्यावर कामाला होते. एका गाळ्यात पाळीपाळीनं झोपणारी वीस-बावीस माणसं, खानावळीचं जेवण आणि दिवसभर कापसाची धूळ. १९६३ च्या अखेरीस ते खोकला घेऊन गावी आले. आमचं गाव पाटणच्या खोऱ्यात. तालुक्याच्या दवाखान्यात क्षयाचं निदान झालं आणि कार्ड मिळालं. दर महिन्याला जाऊन औषध आणायचं आणि कार्डावर तारीख घालून घ्यायची. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे, जून १९६४ अशा पाच तारखा आहेत. पुढचे रकाने कोरे. आणि खाली लाल शाईत एकच इंग्रजी शब्द, 'डिफॉल्टेड'. कसूर केली. कर्ज बुडवणाऱ्याला लावतात तोच शब्द.

कोयनेचा भूकंप झाला त्याच्या आदल्या वर्षी, १९६६ साली, अण्णा गेले. "औषध सोडलं म्हणून गेले," असंच आमच्याकडे म्हणत आले. मीही तेच म्हणत होते.

आता थोडा मागचा इतिहास. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचं जाहीर केलं ते २४ मार्च १८८२ रोजी. पण जंतू सापडला म्हणून औषध सापडलं नव्हतं. आपल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी त्यानंतर पाचच वर्षांनी, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्यात क्षयानेच गेल्या. वय अवघं एकवीस. अमेरिकेत शिकलेल्या त्या डॉक्टर बाईंसाठीही तेव्हा कुणाकडे उपाय नव्हता. पुढची साठ वर्षं उपाय म्हणजे हवापालट, विश्रांती, दूध-अंडी आणि ज्याला परवडेल त्याला सॅनेटोरियम.

१९४३ साली अमेरिकेत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शॅट्झ यांना स्ट्रेप्टोमायसिन मिळालं. ब्रिटनमध्ये त्याची नीट चाचणी झाली. औषध मिळालेले ५५ रुग्ण आणि नुसती विश्रांती मिळालेले ५२. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ दगावले, दुसऱ्यातले १४. केवढा आनंद झाला असेल! पण पाच वर्षांनी पुन्हा मोजदाद केली, तेव्हा पहिल्या गटातले ३२ गेलेले होते आणि दुसऱ्यातले ३५. फरक जवळजवळ पुसला गेला होता.

कारण असं, की फुप्फुसातल्या कोट्यवधी जंतूंमध्ये थोडे मुळातच असे असतात, ज्यांच्यावर एखाद्या औषधाचा परिणाम होत नाही. एकच औषध दिलं की बाकीचे मरतात, रुग्णाला बरं वाटतं आणि उरलेले ते थोडे निवांत वाढतात. म्हणून दोन औषधं एकदम द्यायची. एकातून सुटलेला दुसऱ्यात सापडतो. 'पास' हे औषध त्याच सुमारास आलं, १९५२ साली आयसोनायझिड आलं आणि क्षय खऱ्या अर्थानं बरा होऊ लागला. अट एवढीच, की औषधं वर्षभर किंवा त्याहून जास्त घ्यायची. शेतातली हरळी काढणाऱ्याला हे सांगायला नको. वरून रान स्वच्छ दिसतं, पण काशा मातीत राहिल्या तर पुढच्या पावसाला हरळी हजर.

आता प्रश्न आला आपल्यासारख्या देशाचा. रुग्ण लाखांनी आणि सॅनेटोरियमच्या खाटा काही हजार. मग १९५६ साली मद्रासमध्ये एक प्रयोग सुरू झाला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांचं मिळून केंद्र होतं, आणि त्याची धुरा डॉ. वॉलेस फॉक्स यांच्याकडे होती. शहरातल्या गरीब वस्तीतले १९३ रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एक गट सॅनेटोरियममध्ये. तिथे खाट, विश्रांती, चांगलं अन्न, परिचारिका. दुसरा गट आपापल्या घरी, गर्दीत, जमेल ते खाऊन, बरेचजण कामधंदा करत. औषधं दोघांना तीच, आयसोनायझिड आणि पास, एक वर्ष.

१९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षअखेर सॅनेटोरियममधले ९२ टक्के आणि घरी राहिलेले ८६ टक्के रुग्ण जंतुमुक्त झाले होते. पुढे पाच वर्षं पाठपुरावा केल्यावर तर तेवढाही फरक उरला नाही. घरच्या माणसांना लागण होण्याचं प्रमाणही घरी उपचार घेतल्यामुळे वाढलं नव्हतं. जगभरची सॅनेटोरियमं पुढं ओस पडली त्यात या निष्कर्षाचा मोठा वाटा आहे. मद्रासच्या झोपडीतला रुग्ण झोपडीत राहूनच बरा होतो, हे सिद्ध झालं होतं.

इथपर्यंतची गोष्ट पुस्तकांत अभिमानानं सांगितलेली असते. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो तिचा दुसरा अर्धा भाग. फॉक्स यांच्या लक्षात आलं होतं, की घरी दिलेली औषधं रुग्ण घेतातच असं नाही. म्हणून केंद्राची माणसं अचानक घरी जात. उरलेल्या गोळ्या-पुड्या मोजत, लघवीचा नमुना घेत. पास पोटात गेलं असेल तर तपासणीत लघवीचा रंग बदलतो, त्यावरून कळे. १९५८ सालीच फॉक्स यांनी 'ट्युबर्कल' या नियतकालिकात लेख लिहिला, त्याचा विषयच मुळी रुग्णानं स्वतःच्या हातानं औषध घेण्यातली अडचण हा होता. पुढे याच केंद्रानं आणखी एक वाट काढली. आठवड्यातून दोनदाच, पण दवाखान्यातल्या माणसासमोर औषध द्यायचं. तोही प्रयोग यशस्वी झाला.

म्हणजे मद्रासनं दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, खाट नसली तरी चालते. दुसरी, खाट नसेल तर दवाखान्यानं घरापर्यंत चालत जावं लागतं.

१९५९ मध्ये बंगलोरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था सुरू झाली आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम. जिल्ह्याजिल्ह्यांत केंद्रं, सरकारी दवाखान्यात फुकट औषध. पहिली गोष्ट देशानं मनापासून उचलली, कारण तीत पैसा वाचत होता. दुसरी कागदावर राहिली. मद्रासला दोनशे रुग्णांमागे जी माणसं होती, ती आमच्या तालुक्याला कुठून येणार?

याच बंगलोरच्या संस्थेतले डॉ. देबबर बॅनर्जी आणि डॉ. स्टिग अँडरसन यांनी १९६३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत जाऊन त्यांनी क्षय असलेल्या माणसांना विचारलं, तुम्हाला काही त्रास होतो का आणि त्यासाठी तुम्ही काय केलं? तोवर समज असा, की खेडवळ माणसं अडाणी, त्यांना रोगाची जाणीव नसते. आढळलं ते उलटंच. जवळजवळ सगळ्यांना आपल्या दुखण्याची जाणीव होती, आणि निम्म्याहून अधिक लोक उपचार शोधत कुठे ना कुठे गेलेले होते. कित्येकांना दवाखान्यानं खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठवलं होतं. रुग्ण दारापर्यंत आला होता. कसूर कुणाची?

हे वाचल्यावर मी अण्णांचं कार्ड पुन्हा घेऊन बसले. इतिहास शिकताना आम्हाला सांगितलेलं असे, की कागदात काय लिहिलंय ते वाचा, तसंच काय लिहिलेलं नाही तेही वाचा. कार्डावर जुलै १९६४ कोरा आहे. पाटणच्या खोऱ्यातला जुलै म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे. ओढ्याला पूल नव्हता, एसटी पावसाळ्यात आमच्या बाजूला येतच नसे. भाताची लावणी सुरू होती. अण्णांचा खोकला थांबला होता, अंगावर मांस आलं होतं. लावणीच्या दिवसात धडधाकट दिसणाऱ्या पुरुषानं चिखल सोडून दोन दिवस तालुक्याला जायचं, तेही न दिसणाऱ्या जंतूसाठी! ऑगस्टमध्ये गेले तेव्हा पास शिल्लक नव्हतं, पुढच्या महिन्यात या म्हणाले. ही तारीख कार्डावर नाही, कारण औषध दिलं नाही तर तारीख कशाची घालणार? मग एक छापील पोस्टकार्ड आलं, 'औषध नेण्यास यावे'. नंतर काहीच आलं नाही.

आणखी एक गोष्ट कार्डावर नाही. ती मला एकटीलाच ठाऊक होती.

पास हे औषध मोठ्या मात्रेत घ्यावं लागे, दिवसाला दहा-बारा ग्रॅमपर्यंत. त्यानं मळमळे, पोट बिघडे. एका सकाळी अण्णा परसात उभे राहून पुडी सोडून तिच्यातली पूड अळूच्या वाफ्यात झटकत होते. मी पाहिलं. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हसले. पांढऱ्या गोळ्या ते घेत होते, कारण त्यांचा त्रास नव्हता. पुडी मात्र वाफ्यात. म्हणजे दोनांतलं एकच औषध पोटात जात होतं. त्याचा अर्थ मला कळायला पुढं चाळीस वर्षं गेली. आईला मी सांगितलं नाही. बाप-लेकीचं गुपित म्हणून मला त्या वेळी उलट आनंदच झाला होता.

मधली वर्षं भराभर सांगते. सत्तरच्या दशकात रिफाम्पिसिन आलं आणि दीड वर्षाचा उपचार पुढं सहा महिन्यांवर आला. तरीही १९९२ मध्ये आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाची पाहणी झाली, तेव्हा औषध पूर्ण करणारे निम्म्याहूनही कमी निघाले. औषधांचा तुटवडा, पैशाची कमतरता हेही नोंदलं गेलं. १९९३ साली जागतिक आरोग्य संघटनेनं क्षय ही जागतिक आणीबाणी असल्याचं जाहीर केलं. डॉ. कारेल स्टिब्लो यांनी टांझानियात बसवलेल्या पद्धतीवरून 'डॉट्स' आलं. थुंकीची तपासणी, औषधाचा खात्रीचा पुरवठा, नोंदी, आणि कुणाच्या तरी डोळ्यांदेखत औषध. आपल्याकडे १९९३ मध्ये थोड्या ठिकाणी, १९९७ पासून मोठ्या प्रमाणावर आणि २००६ पर्यंत देशभर ते पोचलं. यातली एक गोष्ट मला फार आवडली होती. प्रत्येक रुग्णाच्या नावाचा एक खोका, त्यात त्याचा संपूर्ण उपचार. 'संपलंय, पुढच्या महिन्यात या' हे वाक्यच त्यामुळे मिटलं.

असा एक खोका माझ्याही कपाटात होता. समोर औषध देणारा माणूस कुणीही चालत असे. अंगणवाडीताई, दुकानदार, शिक्षक. २००५ साली मी माण-खटावकडच्या एका जिल्हा परिषद शाळेवर होते. आरोग्यसेवक विचारायला आला आणि मी लगेच हो म्हटलं. का, ते तुमच्या लक्षात आलं असेल. रुग्ण माझ्या तिसरीतल्या एका मुलीचा बाप. लाल खोका. आधी दोन महिने २४ मात्रा, मग अठरा आठवडे ५४ मात्रा, एकूण ७८. सोमवार-बुधवार-शुक्रवार तो शाळा भरायच्या आधी यायचा, हातावर सात गोळ्या घ्यायचा आणि माझ्या देखत गिळायचा. मी तोंड उघडायला लावून बघायची. अळूचा वाफा मी विसरले नव्हते.

दोन महिन्यांत खोकला गेला. दिवाळी जवळ आली. आमच्या भागातले लोक दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडावीच लागते. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तो आला. "बाई, टोळी निघाली. त्या पाकिटं माज्याकडं द्या की. मी खातो येळच्या येळी. हिला सांगतो लक्ष ठेवायला."

पंधरा आठवड्यांची पाकिटं कपाटात होती. मी नाही म्हणाले. नियमात बसत नव्हतं हे खरं, पण नियमापेक्षा मला अण्णांचं ते हसणं आठवत होतं. मी त्याला म्हटलं, "जाऊ नका. जीव महत्त्वाचा की पैसा?" तो माझ्याकडे बघत राहिला. आज वाटतं, किती सोपं वाक्य बोलले मी! महिन्याच्या महिन्याला पगार होणाऱ्या बाईचं वाक्य. कारखान्याच्या भागातल्या केंद्राकडे त्याचं कार्ड पाठवता आलं असतं, पण कोणता कारखाना हे त्यालाच ठाऊक नव्हतं. मुकादम नेईल तिथं. दोन दिवसांनी बैलगाड्या गेल्या. मी खोका परत केला. त्याच्या कार्डावर तोच शब्द आला असणार, जो अण्णांच्या कार्डावर होता. या वेळी तो लिहायला लावणारी मी होते.

एप्रिलमध्ये तो खोकत परत आला. आता निळा खोका, दोन महिने इंजेक्शनं आणि आठ महिन्यांचा उपचार. तो मात्र त्यानं पुरा केला, कारण त्या वर्षी तो तोडीला गेलाच नाही. पण तोडीचा हिशेब कोयत्यावर असतो आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. अर्धा कोयता कोण घेतो? बायकोबरोबर मुलगी गेली. ती तेव्हा चौथीत होती. दिवाळीनंतर हजेरीपटात तिच्या नावापुढं मी रोज 'गै' लिहीत गेले. पुढच्या वर्षी ती शाळेत आली नाही. बाप बरा झाला, त्याच्या कार्डावर 'बरा' अशी नोंद झाली. मुलीचं 'गै' कुठल्या कार्डावर लिहायचं?

निवृत्तीनंतर मुलानं इंटरनेट शिकवलं, तेव्हा मी या विषयावर जमेल तसं वाचू लागले. १९९८ साली, म्हणजे माझ्या कपाटात खोका यायच्या सात वर्षं आधी, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात केप टाउनमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले होते. काही रुग्णांना कुणाच्या तरी देखत औषध दिलं, काहींच्या हातात औषध देऊन विश्वास टाकला. डोळ्यांदेखत दिल्यानं उपचार जास्त पुरे झाले असं काही दिसलं नाही. पुढे इतर देशांतही अशा चाचण्या झाल्या आणि नुसतं बघत राहण्याचा वेगळा फायदा फारसा सापडला नाही. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. पंधरा पाकिटं!

कुणी म्हणेल, बाई, तुमच्या वडिलांनी पुड्या फेकल्याच होत्या ना? हो, फेकल्या होत्या. तोही इतिहास आहे आणि तो मी लपवत नाही. पण अण्णांच्या मळमळीबद्दल त्यांना कुणी विचारलं असतं, पुडी जेवणानंतर घेऊन बघा किंवा औषध बदलून देतो म्हटलं असतं, तर? मद्रासची माणसं घरी जाऊन पुड्या मोजत, तेव्हा ती घर बघत, अडचणही ऐकत. आम्ही मोजणं तेवढं उचललं. मी त्याच्या तोंडात डोकावून पाहिलं, पण टोळी कधी निघते, उचल किती घेतलीय, हे पहिल्याच दिवशी विचारलं नाही. ऑगस्टमध्ये विचारलं असतं तर नोव्हेंबरपर्यंत काही वाट निघाली असती. शिक्षिकेला एवढं कळायला हवं होतं. वर्गात गृहपाठ न करणाऱ्या मुलाच्या घरी दिवा आहे का, हे आम्ही विचारायचो.

आता काळ बदलतो आहे. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या व्याख्यांतून 'डिफॉल्टर' हा शब्द काढून टाकला. त्याजागी आला तो अर्थानं 'पाठपुराव्यातून निसटलेला'. निसटलेला म्हटलं की कुणाच्या हातून, हा प्रश्न आपोआप येतो. आठवड्यातून तीनदा औषध देण्याची आपली पद्धतही बदलली. सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं आणि २०१७ मध्ये देशभर रोजच्या मात्रेकडे वळलो. गोळ्यांच्या पाकिटामागे लपलेला फोन नंबर, गोळी काढली की तो दिसायचा आणि त्यावर मिस्ड कॉल द्यायचा, अशीही एक युक्ती निघाली. म्हणजे औषध माणसाच्या हातात आणि चौकशी दुरून. २०१८ पासून क्षयरुग्णाला उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिना पाचशे रुपये मिळू लागले, २०२४ च्या अखेरीपासून ते हजार झाले. उचल फेडायला ते पुरणार नाहीत. पण उपाशी पोटी गोळी लागते हे कुणीतरी मान्य केलं, एवढं तरी झालं.

मात्र त्याच २०२४ साली, मार्च महिन्यात, क्षयाच्या औषधांचा देशात तुटवडा पडला आणि तीन महिन्यांची औषधं आपापल्या पातळीवर खरेदी करा, असं केंद्राला राज्यांना कळवावं लागलं. बातमी वाचली आणि मला ऑगस्ट १९६४ आठवला. त्या महिन्यात जे रुग्ण रिकाम्या हातानं परतले, त्यांच्या कार्डावर कसूर कुणाच्या नावानं लिहिली असेल?

सूनबाईला हे सगळं मी त्या दुपारी सांगितलं. ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, "आई, त्या गोळीनं तुम्हाला काही त्रास होतो का?" साठी उलटल्यापासून मी ती गोळी घेते आहे, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं, संध्याकाळी पाय सुजतात, म्हणून बाहेर जायचं असेल त्या दिवशी मी टाळते. बुधवारी भजन, शुक्रवारी देवळात.

ती म्हणाली, "मग डॉक्टरांना विचारू या ना." दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. दोन मिनिटांचं काम.

अण्णांचं कार्ड मी पुन्हा पेटीत ठेवलं नाही. ते आता माझ्या टेबलाच्या खणात, गोळ्यांच्या डब्याशेजारी असतं. आजचा खण रिकामा आहे. असो.